आलो!

लष्कर, ग्वाल्हेर
१९५७

शांताताई,

राजधानी भोपाळला गेली, भावोजींचं ऑफिस गेलं, तूही गेलीस. तुझा लेक सूर्या त्याआधीच टायफॉइडने गेला होता, ऐन विशीत. आमच्या हॉकी संघाची डावी बाजू तेव्हापासून ओकीबोकी वाटते.

डावीकडून धावत येताना तो 'आलो!' असं ओरडायचा, आठवतं? कंपू मोहल्ल्यातली हिंदी पोरं हसायची, "आलू क्यों माँग रहा है, भाई?" शेवटी सगळे त्याला आलूच म्हणू लागले. पास मात्र बिनचूक द्यायचे.

काल नव्या मध्य प्रदेशाच्या संघासाठी निवडीचा सामना होता. डावीकडून हाक आली, 'आलो!' मी मान न वळवता चेंडू दिला. गोल! वळून पाहिलं, तर टोपी बाजारातला हरिमोहन. त्याला मराठीचा गंध नाही. सूर्याला त्याने पाहिलंही नव्हतं.

"मतलब मालूम है?" मी विचारलं.

"मतलब क्या, भैया? लेफ्ट वाले यही चिल्लाते हैं।"

हे पत्र मी टाकणार नाही. सूर्याचं नाव निघालं की तू भरल्या ताटावरून उठतेस. पण ताई, इस्पितळात जाताना तो मला 'येतो' म्हणाला होता.

काल आला गं.

तुझा,
उमाजी