कडी बाहेरून

४ जानेवारी
आलो एकदाचे सासरी. लग्नापासून आम्ही दोघं भाड्याच्या खोलीत होतो; आता मला पाचवा महिना, म्हणून सासूबाईंनी बोलावून घेतलं. घर स्वच्छ, अंगण झाडलेलं. खाटेवरून सासरे म्हणाले, बदक आलं बघा डुलत. सगळे हसले, मीही हसले. वडिलांनी मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हा बजावलं होतं की पाहिलेलं तेवढंच लिहायचं. तसंच लिहीन.

६ जानेवारी
स्वयंपाकघर अंगणाच्या कडेला, वेगळं. चूल, ओली लाकडं, गोवऱ्या. खिडकी होती, ती लिंपून टाकली आहे. सासऱ्यांना दमा, धूर बाहेर आला की त्यांना उबळ येते. म्हणून चूल पेटली की सासूबाई बाहेरून कडी लावतात. स्वयंपाक उरकला की मी दोनदा दार वाजवायचं. धूर मलाही लागतो, असं मी म्हटलं. तुला काय धाड भरलीय, चांगली तरणीताठी आहेस, म्हणाल्या.

९ जानेवारी
डोळे सुजलेत. थुंकी काळी पडते. भिंतींवर काजळीचा जाड थर आहे. दारावर मात्र बोटांनी पुसल्यासारखा एक पट्टा, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. ह्यांना विचारलं. म्हणाले, वहिनीची बोटं असतील. मोठ्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. कशाने, ते सांगितलं नाही.

१३ जानेवारी
नर्सबाई येऊन गेल्या. बाळाची वाढ कमी आहे, हिला धुरात बसवू नका, खिडकी उघडा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, चहा पाजला. त्या गेल्यावर म्हणाल्या, माझी पाच बाळंतपणं ह्याच चुलीपुढे झाली, त्या नर्सला बोलायचाच पगार मिळतो. मग खिडकीवर लिंपणाचा आणखी एक हात फिरवला.

१५ जानेवारी
उलथन्याने खिडकी खरवडत होते. सासूबाईंनी पाहिलं. हे म्हणाले, बाबांचा जीव घेणार आहेस का? आता उलथनंही काढून घेतलंय.

१७ जानेवारी
मला खोकला आला. मी खोकायची थांबले. खोकला थांबला नाही. दाराशी, माझ्या मागे. पाहिलं नाही. ऐकलं.
पट्टा आज कमरेपर्यंत उतरलाय.

१८ जानेवारी
गुडघ्यापर्यंत. दाराला मी हात लावलेला नाही, वाजवण्यापुरताच —

१९ जानेवारी
आत बसून लिहितेय. लाकडं फार ओली. बाळ सकाळपासून हललं नाही.
दोनदा वाजवलं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, चूल आत्ता तर पेटली. मोठीही अशीच, काम व्हायच्या आधी वाजवायची.
चुलीवर पाणी ओतलं. धूर वाढला —
पुन्हा वाजवलं. ओरडता येत नाही —
उंबऱ्याशी फट आहे, तिथे हवा. आडवी झालेय. पोट धरून —
शेजारी कुणीतरी आडवं आहे. तिचंही तोंड फटीशी. जागा एकीपुरतीच, आणि ती मला ढक