हिरवा शालू नेसवू नये

मी, हर्षाली कुंडलिक डुंबरे, वय तेहतीस, व्यवसाय वस्त्ररचना, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, हे लिहून ठेवते. शरीर थकले आहे. डॉक्टरांनी आता औषध फक्त वेदनेपुरते ठेवले आहे. डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तशी वेळ येईल असे वाटलेही नव्हते.

१. बँकेतील शिल्लक आणि आळेफाट्यावरील कामाच्या खोलीची अनामत आई नूतन हिला मिळावी. घरातली पहिली पदवी माझी. पण शिकू द्या, हे घरात पहिल्यांदा ती बोलली होती.

२. शिलाई मशीन जुन्नरच्या रहिमाबींना द्यावे. कॉलेज सुटल्यावर त्यांच्याच मशीनवर मी शिवायला शिकले. माझे कागदी नमुने ज्या मुलीला हवे असतील तिने न्यावेत. त्यांवर कोणाची मालकी नको.

३. भाऊ गोरख याला माझे गोण्या शिवायचे दाभण. गोण्यांपासून शिवलेला माझा कोट मुंबईत आणि बेल्जियममध्ये प्रदर्शनात होता. तो पार्सलने परत आला, तेव्हा मी पुण्यात होते. गोरखने तो उसवला, त्यात कांदा भरला आणि बाजारात नेला. विचारले तर म्हणाला, "ताई, गोण्याच व्हत्या की त्या!" वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. आता राग नाही, पण दाभण जपून ठेव.

चुलते हौशीराम यांना काही नाही. "पोरगी शिकली अन् गोणपाट नेसाया लागली," असे ते माझ्यादेखत पारावर बोलले. लोक हसले. त्यांत आप्पाही, माझे वडील, हसले होते.

मी केलेला, खिळे लावलेला चामडी गळपट्टा साळुबाई काकूंना द्यावा. प्रदर्शनात लोकांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. काकू म्हणाल्या, "बिबट्याचं भ्या हाय गं, उसात जाताना घालीन." त्यांनी तो खरोखर घालावा.

४. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. आमच्याकडे बिनलग्नाची मुलगी गेली की तिला हळद लावतात, हिरवा शालू नेसवतात आणि नवरी करून नेतात. मला नवरी करू नये. बाईने अंगावर काय घालावे हे तिचे तिने ठरवावे, एवढ्यासाठीच मी आयुष्यभर शिवत आले. जुन्या तागाच्या गोण्या धुऊन मी एक अंगरखा शिवला आहे, तोच घालावा. त्यात प्लास्टिक नाही, जळायला त्रास होणार नाही. डावी बाही लावायची राहिली आहे. रहिमाबी म्हणाल्या, "बाही मी लावते बेटा, पण घालायची घाई करू नको."

गेल्या आठवड्यात आप्पांच्या कपाटात नवा हिरवा शालू दिसला. "कुणासाठी?" विचारले. "ठिवलाय," एवढेच म्हणाले. मग कपाट लावत म्हणाले, "बापानं पोरीला गोणीत धाडली म्हनतील लोक."

५. आप्पांना मी काहीही ठेवलेले नाही. हा सूड नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, पुढे शंका काढतात. मला आप्पांची साक्ष हवी होती. कलम चार कळल्याशिवाय त्यांनी सही करू नये, म्हणून मी सगळे वाचून दाखवले.

कलम चार त्यांनी पुन्हा वाचायला लावले. पेन हातात तसेच धरून म्हणाले, "ताग लई टोचतो गं अंगाला. म्या उभा जलम वाहिल्यात गोण्या." मग म्हणाले, "त्यो शालू फाडून आतून लावला तर? भायेरून कुनाला दिसायचा न्हाई."

कलम चारमध्ये दुरुस्ती, माझ्या हस्ताक्षरात: अंगरख्याला आतून हिरव्या शालूचे अस्तर लावावे. कापताना आप्पांना जवळ बसवावे.

स्थळ : ओतूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) हर्षाली कुंडलिक डुंबरे

हर्षालीने दुरुस्तीसह आमच्यासमोर सही केली. तिच्यासमोर आम्हीही केली.

साक्षीदार :
१. चांगदेव तांबे, शेजारी (सही)
२. कुंडलिक डुंबरे, वडील (सही)