भर उन्हात ओढलेला पदर

माझी धाकटी बहीण छबू हिला आण्णाचा आशीर्वाद. आमी ऊसतोडीवर सुखरूप हाव, राहायची पाचटाची कोपी कोरडी हाय. नेकनूरला विहिरीला पाणी हाय का? तुझे मालक त्रिंबकराव बरे हायेत ना?

काल कारखान्यावर डोळ्याचे डॉक्टर आलते. आमच्या टोळीतली मंजुळाबाई तुझ्यासारखीच उन्हात डोळे मिटती, तिला लाल-हिरवं सारखंच. डॉक्टर म्हणले, डोळ्याच्या पडद्यात दोन जातीच्या पेशी असत्यात, एक उजेडाच्या अन् रंगाच्या, दुसऱ्या अंधाराच्या. हिच्या उजेडाच्या जन्मापासूनच काम करीत न्हाईत, अन् अंधाराच्या पेशींना ऊन सोसत न्हाई. म्हणून दुपारी दिसत न्हाई, दिवस मावळला की बरं दिसतं.

छबू, मला तिथंच तू आठवलीस. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तू डोळ्यावर पदर घ्यायचीस. मी म्हणलो, "सांजच्याला हरवलेली शेळी तुलाच आधी दिसती, मग दुपारीच का दिसंना? कामचुकार!" अन् पदर ओढला. तू डोळे मिटून चाचपडत खडी फोडीत राहिलीस.

काळ्या चष्म्यानं ऊन सोसतं म्हणं. येताना आणतो. लई उशीर झाला, पण आणतो.

शाळेतला फळा दिसत न्हाई म्हणायचीस, तेबी खरंच होतं, अन् त्यापायीच तुझी शाळा सुटली. आता हे पत्र तुला दुसऱ्यानंच वाचून दाखवायचं. त्रिंबकरावांना म्हणावं, चार माणसं बोलवा अन् मोठ्यानं वाचा. पदर मी चार माणसांतच ओढला होता.

तुझा चुकलेला,
आण्णा