बिनमैद्याची बिस्किटं

१४ जुलै
मैद्याची पुडी तांदळाच्या डब्यात खुपसत होते आणि कडी वाजली. हात पांढरे. पदराला पुसले — पदर काळा!
दारात समोरच्या लाडबाई काकू. आत आल्या नाहीत. "दैवशाला, चौमासा बसला. नियम घेतला मी. चार महिने मैदा बंद, बाजारचं सगळं बंद. फकत तुझी बिस्किटं चालू. तुझी बिलकुल गव्हाची. बराबर ना?"
"बराबर," मी म्हणाले.
"पीठ ताजं घेत जा. पावसाळ्यात तीन दिवसांच्या वरचं आमाला चालत न्हाई."
गेल्या. पदर बघितला असेल का?

१५ जुलै
कुठेतरी खरं लिहायला हवं. इथे लिहिते.
होळीच्या सुमारास ओव्हन घेतला. पहिला घाणा नुसत्या कणकेचा. कडेला भेगा, मध्ये कच्चा, थंड झाल्यावर दगड. तो मीच आठवडाभर चहात बुडवून संपवला. दुसऱ्या घाण्यात निम्मा मैदा घातला. बिस्किटं गुळगुळीत, खुसखुशीत. तीच समोर पाठवली आणि सांगितलं — मैदा अजिबात नाही.
का सांगितलं?
वीस वर्षं समोरासमोर राहतो. त्यांचं दिवाळीचं ताट येतं, आमचं जातं. आमचं ताट त्यांच्याकडे झाकलेलंच राहतं, मला माहीत आहे. आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण. त्यांना चालत नाही, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. तरी मी धरला होता. बिस्किटांसाठी वेगळी भांडी काढली, ती त्यांना दाखवली. त्या दिवशी गिरधारीलाल काकांनी उभ्या उभ्या दोन खाल्ली. काकूंनी एक खाल्लं, आणि एक पदरात बांधून घेतलं.
माझ्या हातचं त्या घरात पहिल्यांदा खाल्लं गेलं. तेही खोटं.

२० जुलै
मैदा अंबडला घेता येत नाही. कोपऱ्यावरचं दुकान काकांचंच. दुसऱ्या दुकानात घ्यावा तर संध्याकाळपर्यंत काकांच्या कानावर.
म्हणून वडीगोद्री. माहेरी जाते म्हणायचं आणि एसटीत बसायचं. धाकट्या भावाने, भारतने, पिशवी उचलून बघितली. "आक्का, अंबडात मैदा मिळून न्हाई राह्यला का? का बेकरी टाकली?" वहिनी फिदीफिदी हसली. कॉलेजात कार्यक्रम आहे म्हणाले.
दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.
परतीच्या बसमध्ये पुडीवर मेथीच्या जुड्या ठेवल्या होत्या. एकोणपन्नास वर्षांची बाई. अकरावीला मराठी शिकवते.

२ ऑगस्ट
डबा गेला. डबा परत आला, आत बदाम. त्या घरून डबा रिकामा कधी येत नाही.

१० ऑगस्ट
आज नुसती कणीक. पीठ कालचं, दोनदा चाळलं. दह्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं. तूप वाढवलं. भेगा कमी पडल्या. रंग मातीसारखा. पण खरी! डबा हातात घेऊन रस्ता ओलांडला तेव्हा कितीतरी दिवसांनी मान सरळ होती.
काकूंनी एक मोडलं. बराच वेळ चावत राहिल्या.
"ही कुणी केली?"
"मीच."
"पयल्यासारखी कर गं बाई. दात कुठं राह्यले मला?"
नेहल, त्यांची सून, हसली. "मम्मी, ह्याला खलबत्ता लागतो."
मीही हसले.

१२ ऑगस्ट
परत निम्मा मैदा. काकूंच्या दातांसाठी — असं लिहिणार होते. खोडते. माझ्यासाठी.

२८ ऑगस्ट
त्यांचं पर्युषण काल संपलं. आज सकाळी काकू आल्या. हे लोक या दिवशी घरोघरी जाऊन क्षमा मागतात. दरवर्षी येतात. या वर्षी चेहरा उतरलेला, उपवासांनी असेल. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभ्या. वय चौऱ्याहत्तर.
"वर्षभरात माझ्याकडून जाणून..." थांबल्या. धाप लागली वाटलं. "जाणून, अजाणून काही चुकलं असंल, तर माफी कर. मिच्छामि दुक्कडम्."
तेव्हा सांगायचं होतं. दार उघडं होतं, त्या समोर होत्या, रस्त्यावर कुणी नव्हतं.
"तुमचं काय चुकणार, काकू!" म्हणाले. वर हात जोडले आणि त्यांचेच शब्द त्यांना परत म्हणून दाखवले. स्पष्ट उच्चारांत. शिक्षिकेचे उच्चार.

२९ ऑगस्ट
सांगितलं.
ऊन उतरताना गेले. काकू ताटात तांदूळ निवडत होत्या. बसले नाही. "बिस्किटांत निम्मा मैदा असतो. पहिल्यापासून. मधली ती कडक तेवढी खरी. तुमचा नियम मी मोडला."
त्यांचं बोट थांबलं नाही. एक खडा काढला. दुसरा काढला. नेहल खाली बघत होती.
"जा घरी," एवढंच म्हणाल्या. "सांजेची वेळ झाली."
डबा त्यांच्याकडेच राहिला. मागायची हिंमत नव्हती.

३० ऑगस्ट, सकाळ
नेहल डबा घेऊन आली. उंबऱ्यातच उभी राहिली, पाठ केल्यासारखं बोलली.
"मम्मींनी आज उपवास घेतला. सांग म्हणाल्या, तो त्यांच्या स्वतःच्या चुकीचा, तुमच्या न्हाई. दुकानात चाळीस वर्षं मैदा तोलला त्यांनी. पहिल्या घासालाच कळलं होतं. मंग नियम घेतल्यावर तुम्हाला विचारलं, तुम्ही 'बराबर' म्हणालात, अन् त्या खात राह्यल्या. परवा त्याचीच माफी मागायला आल्त्या."
डबा जड होता. उघडला. गव्हाचं पीठ, चाळलेलं, अजून कोमट.
"तीन दिवसांत वापरा, म्हणाल्या."