तुझ्या डब्यातले लाडू

खोडद, सोमवार

चि. अनशीला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

इथं रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवतात, म्हणून कागद खरडतेय. माझे गुडघे ठीक. तुझा दमा?

आपल्या केतकीला या दुर्बिणीतून कुठल्या लांबच्या आकाशगंगेत हायड्रोजन वायू सापडला. म्हणाली, "आजी, तो दिसत नाही गं. मागून येणाऱ्या रेडिओलहरींतला थोडा घास तो गिळतो. तेवढी तूट दिसली, की तो तिथं आहे समजायचं."

मग मी तिच्या खोलीतले, आपण दोघींनी मागं एकदमच पाठवलेले लाडवांचे डबे उघडले. माझा काठोकाठ, तू पाठवलेला निम्मा रिकामा. आणि मला म्हणते, "दोघींचे सारखेच आवडतात."

लाडवांत काय घालतेस ते खरं लिही. पुढच्या खेपेला मीही तसेच करीन, पण तिला तुझं नाव सांगणार नाही.

तुझी,
चंद्राक्का