किल्लीवाल्याचा डगला

आदरणीय मेहुणे, म्हणजेच आमच्या घरी कुलूपदादा या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ यांस,

साष्टांग नमस्कार घालण्याची फार इच्छा आहे, पण गुडघे अर्ध्यावरच थांबतात. तेव्हा जेवढा पोचेल तेवढा स्वीकारावा. इकडे सर्व कुशल. तुमचे नवे दात बसले का, की अजून डबीत आहेत? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा. (गेला नसेल तर तुमच्या खोलीची खिडकी एकदा उघडून पाहा. ती उघडते, मी स्वतः पाहिलेलं आहे.) आणि त्याच ओघात विचारतो, त्या कापडाची प्रकृती कशी आहे? तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुमच्या भगिनीने दिलेलं ते राखाडी, माशाच्या काट्यासारख्या विणीचं लोकरी कापड. शिवलं नसणारच. चाळीस वर्षं दफ्तरखान्यात दुसऱ्यांचे कागद कुलपात ठेवलेला माणूस स्वतःचं कापड एकाएकी अंगावर घालेल, असं मानायला काही आधार नाही. डांबरगोळ्या बदलता ना? सहज विचारलं, मनात हेतू कसलाही नाही.

पत्र लिहिण्याचं कारण अभिमानाचं आहे. तुमची बहीण गेली तीस वर्षं नाटकवाल्यांचे पोशाख शिवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. राजे तिने शिवले, भिकारी शिवले, एकदा तर चार पायांचा घोडा शिवला, आणि त्याच्या मागच्या पायांत जो नट होता तो अजून तिचं नाव आदराने काढतो. पण जाहिरातीवर प्रकाशयोजना करणाऱ्याचं नाव असतं, पडदा ओढणाऱ्याचंही एकदा होतं, पोशाख मात्र आपोआप उगवल्यासारखे असायचे. तर आता शहराच्या संग्रहालयात एक काचपेटी येते आहे आणि तिच्या पाटीवर लिहिलेलं असेल: ‘कापडाची ओळख, बेतणे आणि शिवण’, आणि पुढे तुमच्या बहिणीचं नाव. संपूर्ण. मधल्या अक्षरासकट.

प्रकरण असं. आमच्या चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला सव्वाशे वर्षांपूर्वी किल्ली देणारा पहिला माणूस, त्याचा डगला संग्रहालयाला पुन्हा उभा करायचा होता. मूळ डगल्यातलं उरलंय काय, तर एक कॉलर, पाठीचा हातभर तुकडा आणि एक फोटो. बाकीचं कसरीने खाल्लं. हे अवशेष त्याच्या पणतीने जपले होते. बाई ऐंशीच्या घरात आहेत, कानाने कमी आणि बोटांनी पक्क्या. संग्रहालयाच्या वस्त्रतज्ज्ञांनी भिंगातून पाहून निकाल दिला की हे जाड, भरड, कामकऱ्याचं लोकरी कापड. (तज्ज्ञ विद्वान आहेत. भिंग कायम गळ्यात असतं. जेवताना त्यांनी ते भातात बुडवलेलं मी पाहिलं आहे.) तुमच्या बहिणीने तो तुकडा हातात घेतला, डोळे मिटले, अंगठ्याखाली दोनदा फिरवला, कडेचा एक धागा ओढून पीळ उलगडला, आणि म्हणाली की ही भरड लोकर नाही, ही मेरिनो मेंढीची तलम लोकर आहे. वरचं खरखरीत आहे ते कापड नव्हे, सव्वाशे वर्षांचं घड्याळाचं तेल आहे. तज्ज्ञ हसले. तेव्हा तिने विचारलेला प्रश्न मी शब्दशः देतो, कारण तो ऐकून तज्ज्ञांनी स्वतःच पाण्याचं भांडं मागवलं.

“रोज एकशे नव्वद पायऱ्या चढणारा माणूस अंगावर घोंगडी घालून चढेल का हो?”

सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवताना मी अनुमान हा विषय धुरावरून अग्नीपर्यंत पुष्कळ ताणला. पायऱ्यांवरून लोकरीचं वजन काढणारं अनुमान मात्र मी पहिल्यांदा पाहिलं, तेही जिला तर्कशास्त्राचा कंटाळा येतो अशा व्यक्तीकडून. तो तुकडा कोमट पाण्यात साबणाच्या फेसातून अलगद काढल्यावर खाली मऊ, तलम, राखाडी कापड निघालं. पणतीबाईंनी त्यावर हात ठेवला आणि काढेचनात.

तसंच कापड मग तिने एका विणकराकडून मिळवलं. दादा, तुमच्याकडचं त्याच ठाणातलं आहे, त्यामुळे तुम्हाला वर्णन करून सांगायला नको; पण तुम्ही ते कागदाची घडी सोडून पाहिलेलं नसणार, म्हणून सांगतो. मीटरभर कापडाचं वजन शाळेच्या एका जाडशा वहीएवढं. लोकर असून टोचत नाही. थंडीत ऊब धरतं आणि चालून घाम आला की सोडून देतं. वीण म्हणजे उभ्या पट्ट्या, एका पट्टीत तिरक्या रेघा डावीकडे झुकलेल्या, शेजारच्या पट्टीत उजवीकडे, असा माशाच्या पाठीचा कणाच कणा. मी तिला ‘मत्स्यकंटक’ असं भारदस्त नाव सुचवलं. तिने मला गिरणीतून पीठ आणायला पाठवलं. त्याच कापडाचं आमच्या लेकीने आखूड जाकीट शिवून घेतलं आणि ऑफिसात घालून गेली, तर तिच्या साहेबीणबाईंनी पहिल्यांदा तिची खुशाली विचारली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा किल्लीवाला आणि आजची संगणकासमोर बसणारी मुलगी एकाच कापडात शोभतात. वर्षातून दोनदा फॅशन बदलणाऱ्यांनी यावर विचार करावा.

या कापडाचा एक स्वभाव मात्र आहे. इतर कापडं दुहेरी घडी घालून बेततात. याचं तसं चालत नाही, कारण खालच्या घडीतला काटा कुठे सरकला ते वरून दिसत नाही आणि मग पाठीच्या शिवणीवर मासे एकमेकांना टकरा देतात. म्हणून हे एकेरी पसरायचं, प्रत्येक तुकड्याचा कागदी नमुना वेगळा ठेवायचा, काट्याला काटा जुळवायचा आणि शिंप्याच्या खडूने आखायचं. तुमच्या बहिणीने दोन दिवस टेबलाभोवती फिरत हे आखलं. त्या दोन दिवसांत घरात जेवण उभ्याने झालं आणि बोलणं खुणांनी.

आता माझा वाटा. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिंगाची बटणं निवडायला बटणवाल्याकडे आणि तिथून पुढे संग्रहालयात गेली. दुपारी संग्रहालयाच्या संचालकबाई काम पाहायला यायच्या होत्या. मी शिवणाच्या खोलीत डोकावलो, तर टेबलावर कापड पसरलेलं आणि त्यावर सगळीकडे पांढरी पूड. पाहुणे येणार आणि घर असं. तुम्ही माझा स्वभाव जाणता. फळा न पुसता मी वर्गातून कधी बाहेर पडलेलो नाही. मी मऊ दातांचा ब्रश घेतला आणि विणीच्या दिशेने, एकेक पट्टी करत, सगळं कापड लखलखीत केलं.

शेवटच्या पट्टीवर आल्यावर मला ती पूड म्हणजे काय होतं याचं ज्ञान झालं.

तुम्ही म्हणाल, मग फोन करायचा. दादा, तुम्ही तिचे थोरले बंधू आहात, तुम्ही तरी केला असता का? नमुने टेबलाखाली होते, खडू होता, पट्टी होती, आणि कागदावर काट्यांच्या खुणाही तिने केलेल्या होत्या. फक्त शांतपणे पुन्हा मांडायचं होतं. मी मांडलं. पाठीचे दोन भाग, पुढचे दोन भाग, कॉलर, खिसे. सगळं काट्याला काटा. आणि बाह्या. बाह्यांविषयी मला विशेष अभिमान आहे. बाकीच्या भागांचे नमुने जोडीने होते, बाहीचा मात्र एकच होता, तो मी दोनदा ठेवला, आणि दोन्ही बाह्या इतक्या हुबेहूब आखल्या की एकीवर दुसरी ठेवली तर केसाचाही फरक निघू नये. माझी रेघ तिच्या रेघेपेक्षा सरळच असते. सव्वीस वर्षं फळ्यावर गेली आहेत.

ती परत आली. पाटीचा छापील नमुना पर्समध्ये होता. तो तिने दारात वाचला, पाणी पिताना वाचला, टेबलाशी उभी राहून वाचला. मग कात्री घेतली आणि कापायला लागली. मी शेजारी उभा राहून शांत चेहऱ्याने टाचण्या देत होतो. (त्या वेळच्या माझ्या मनःस्थितीचं वर्णन करायला मी तीन भाषांत प्रयत्न केला आहे.) संचालकबाई आल्या, कापलेली पाठ पाहून गेल्या आणि म्हणाल्या की इतकं नेमकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. मी नम्रपणे खाली पाहिलं.

डगल्याचं अंग आता शिवून तयार आहे. पाठीच्या मध्यावर काटे असे भेटतात की शिवण शोधावी लागते. अस्तर रेशमी, बटणं शिंगाची, कॉलर मूळ तुकड्याबरहुकूम. उद्घाटन आजपासून अकराव्या दिवशी. हल्लीचा घड्याळवाला, सडपातळ आणि अतिशय मर्यादशील गृहस्थ, त्या दिवशी हा डगला घालून पणतीबाईंसमोर एकशे नव्वद पायऱ्या चढणार आणि किल्ली देणार; मग डगला काचपेटीत जाणार आणि पाटी लागणार. तुम्ही आणि वहिनींनी यायचंच आहे. येताना दात लावून यावे.

वहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा अर्धा.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा (पाटीवर नाव नसलेला)

ता.क. डगल्याला एक किरकोळ बाब उरली आहे. त्याला दोन्ही बाह्या डाव्या झाल्या आहेत. जुन्या पद्धतीची बाही कोपराशी वाकलेली असते, आणि दुसरी बाही आखताना कागदी नमुना पालथा ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. दुहेरी बेतलं असतं तर डावी-उजवी आपोआप निघाली असती. एकेरीत हुबेहूबपणा हाच दोष ठरतो. चार दिवसांपूर्वी घड्याळवाले माप द्यायला आले. डावा हात सुरेख बसला. उजवा घातल्यावर बाही कोपराशी मागच्या बाजूला वळली, तरी पाच मिनिटं ते तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, “थोडं अवघडल्यासारखं वाटतंय, पण नवीन आहे, सैल होईल.” इतका सभ्य माणूस उंचावर एकट्याने काम करतो हे समाजाचं नुकसान आहे. मग मी सगळं कबूल केलं. एक बाही उलटी बाजू बाहेर काढून लावून पाहिली. खोलीत चाललं, खिडकीशी नेल्यावर उलट्या बाजूचा रंग फिका पडून एक हात कामावर निघालेला आणि दुसरा थकून परत आलेला दिसायला लागला.

ता.क. दुसरा. विणकराकडे ते ठाण संपलं आहे. पुढचं विणील, पण रंग तोच येईल याची खात्री तो देत नाही, आणि पणतीबाईंची बोटं पाहता फसवण्यात अर्थ नाही. लेकीच्या जाकिटातून बाहीएवढा सलग तुकडा निघत नाही. ती अंगावरचं उतरवून द्यायला तयार होती, आम्ही मोजून पाहिलं. तेव्हा जगात त्या कापडाचा बेतला न गेलेला असा एकच तुकडा शिल्लक आहे. पत्राच्या सुरुवातीला मी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली होती. हेतू नाही असं म्हणालो होतो, ते मागे घेतो. दादा, कपाट उघडा. ही पाटी तिला तीस वर्षांनी मिळते आहे आणि ती माझ्या ब्रशामुळे अडली आहे. आयुष्यभर तुम्ही काही उघडलं नाहीत म्हणून मी तुमची थट्टा केली. आज माझं सगळं तुमच्या त्या न उघडण्यावर अवलंबून आहे. कुरियर करा, किंवा घेऊनच या.

ता.क. तिसरा, दुसऱ्या हस्ताक्षरात. दादा, ह्यांचं पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. रेघा ह्यांच्या आहेत हे मला टेबलाशी येताक्षणीच कळलं होतं. माझ्या रेघा इतक्या ताठ नसतात, आणि घरात खडू सांडलाय आणि हे शांत बसलेत असं कधी होत नाही. पाठ, पुढा, कॉलर, सगळं मी कागद लावून पुन्हा तपासलं, बरोबर होतं. बाह्यांपाशी मी आले तेव्हा माझ्या हातात ती पाटी होती. चौथ्यांदा वाचत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी न तपासता कात्री चालवली. हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. चार दिवस भांडी घासतायत, चांगली घासतायत. तू कापड घेऊन ये. बाहीला पाऊण मीटर पुरेल; उरलेल्याची तुझी बंडी शिवते, माप माझ्याकडे आहे. ती तुझ्या कपाटात जाणार नाही. उद्घाटनाला तुझ्या अंगावर पाहिजे.

आणि पाटीवर मदतनीस म्हणून ह्यांचं नाव घालायचं का, असं संग्रहालयातून विचारलंय. मी सांगितलंय की घाला, पण उजवी बाही लागेपर्यंत जागा मोकळी ठेवा.