दोरीची लांबी

प्रिय एरमेक,

तुझ्या बायकोचा निरोप मिळाला. धाकटा पावलं टाकायला लागला, त्याच्या पायांतली दोरी कापायचा सोहळा रविवारी आहे आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी थोरल्या आत्यानेच वळायची. वळून झाली, रविवारी मीच घेऊन येते आहे.

तुझी दोरी आईने वळली होती. पोरांच्या शर्यतीत पहिली मी आले, म्हणून चाकूने कापली तीही मीच. म्हातारे म्हणाले, "कापणाऱ्याचे गुण उतरतात बरं का पोरात." कसले उतरले!

बिश्केकच्या कडेची, वीटभट्टीमागची जागा आम्हाला तूच घ्यायला लावलीस. "साइकाल ताई, डोळे झाकून घे. वर्षात नळ येतो, नकाशा माझ्याच टेबलावर आहे." मी घेतली. मग नकाशावरची नळाची रेघ वळली आणि वरच्या नव्या वसाहतीत गेली, जिथे तू घर बांधलंस. तिथल्या संडासांची घाण मात्र सरळ खाली, आमच्या पाटात. तेच पाणी आम्ही आठ वर्षं उकळून प्यायलो. हिवाळ्यात कोळसा संपला की न उकळता.

माझ्या बेगिमायला मी मटणाचा रस्सा दिला, साय दिली, पोटाला चिमटा काढून भरवलं. सासू म्हणायची, "पोरीला उपाशी ठेवतेस की काय गं?" मलाही माझंच चुकतंय असं वाटायचं. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आधी पाणी कुठलं पिता ते विचारलं. मग म्हणाल्या, "सारखे जुलाब, मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? खुंटलेली उंची आता पुरती भरून निघायची नाही." तेव्हापासून तुझं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

दोरी बघून तुझी बायको म्हणेल, एवढी लांब कशाला? बेगिमायला भिंतीशी उभं करून, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून वळली आहे. तुझी आयपेरी आणि ती एकाच आठवड्यातल्या, सात वर्षांच्या, एकाच आजीच्या नाती. तुझे साहेब पहिल्या रांगेत बसले की, धाकट्याच्या पायांत बांधण्याआधी, मी ही दोरी आयपेरीशेजारी उभी धरणार आहे. तिला सांगून ठेव, आत्याचा तिच्यावर राग नाही. दोरी तिच्या खांद्याशी संपेल. वरचं अंतर कुणी खाल्लं, ते पाहुण्यांना तू सांग.

तुझीच,
ताई